टॉवर आले, शाळा कधी येणार? बिल्डरकडून येणारी जागा आणि पैसा आपल्या एरियातल्या शाळेपर्यंत आणायचा कसा

सकाळी पावणेसातला मुंबईत आमच्या सोसायटीच्या गेटवर या, मग मला फार काही सांगावं लागणार नाही. स्कूलव्हॅनची रांग लागलेली असते, पोरं अर्धवट झोपेत दप्तर सांभाळत चढतायत, कुणी पवईला चाललंय कुणी ठाण्याला, आणि त्याच वेळी आमच्या मजल्यावर पोळ्या करायला येणाऱ्या ताई नातीचं मनगट घट्ट धरून एलबीएस रोड क्रॉस करत असतात, कारण तिची पालिकेची शाळा रोडच्या पलीकडे पार आत, आणि मधे डंपर, रिक्षा, मेट्रोचे बॅरिकेड. पूर्वी या पट्ट्यात कारखाने होते, आता बघाल तिकडे टॉवर. आणि गेटपासून चालत चार मिनिटांवर पत्रे ठोकलेला एक प्लॉट आहे, आत डेब्रिजचा ढीग, दोन बंद पडलेले टेम्पो आणि माणसाच्या उंचीची एरंडाची झाडं. तो प्लॉट विकास आराखड्यात (डीपी), म्हणजे कुठल्या जागेवर काय यावं हे ठरवणाऱ्या पालिकेच्या नकाशात, शाळेसाठी राखीव आहे. मला हे कळलं इथे राहायला येऊन पाच वर्षं झाल्यावर.

तेव्हापासून आम्ही काही जण त्याच्या मागे आहोत, आणि त्यातून जे जे समजलं ते इथे लिहितेय, म्हणजे तुमच्याकडे असाच प्लॉट असेल तर तुमची पहिली दोन वर्षं वाया जाणार नाहीत.

आधी पैशाचं समजून घ्या, कारण "पालिकेकडे पैसे नाहीत" हे वाक्य तुम्हाला पहिल्याच मीटिंगला ऐकायला मिळणार आहे. अमेरिकेत जिथे जिथे वस्ती भराभर वाढते तिथल्या बऱ्याच काउंट्यांमध्ये, फ्लोरिडात तर सर्रास, नवीन घर बांधताना बिल्डरकडून शाळेसाठी वेगळी इम्पॅक्ट फी घेतात. हिशेब असा, की एका नव्या घरातून सरासरी किती मुलं सरकारी शाळेत येतात ते आधी मोजायचं, बंगल्यातून वेगळी, अपार्टमेंटमधून वेगळी, मग एका मुलाची जागा तयार करायला किती खर्च येतो तो काढायचा, दोन्हींचा गुणाकार करायचा, आणि तोच घरमालक पुढे टॅक्समधून जे भरणार आहे ते वजा करायचं. उरला तो आकडा म्हणजे फी. आणि हा पैसा फक्त नवीन वर्ग, नवीन इमारत, नवीन जागा यासाठीच वापरता येतो, शिक्षकांच्या पगाराला किंवा जुन्या शाळेच्या रंगरंगोटीला नाही. कॅलिफोर्नियात १९८६ पासून शाळांसाठी बांधकामाच्या चौरस फुटावर अशी फी घेता येते. तिथली कोर्टंसुद्धा यावर बारीक लक्ष ठेवतात, २०२४ साली शीट्झ विरुद्ध एल डोराडो काउंटी या केसमध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फी कायदा करून लावलेली असली तरी ती त्या बांधकामामुळे पडणाऱ्या बोजाशी जुळते का या कसोटीतून सुटत नाही (ती केस रस्त्यांच्या फीची होती, २३,४२० डॉलरची, पण तत्त्व तेच).

आपल्याकडे असं "शाळेसाठीच" म्हणून वेगळं काही घेत नाहीत. पण घेतच नाहीत असंही नाही! १९६६ च्या एमआरटीपी कायद्यात (राज्याचा नगररचना कायदा) १९९२ साली विकास शुल्काचं प्रकरण घातलं गेलं, आपण ज्याला डेव्हलपमेंट चार्ज म्हणतो ते. रेडी रेकनरच्या (सरकारनं ठरवलेल्या) दरावर टक्क्यानं तो घेतला जातो, आणि कायदा म्हणतो की हा पैसा वेगळ्या निधीत ठेवायचा आणि सार्वजनिक सुविधांसाठी, त्या भागाच्या सुधारणेसाठी वापरायचा. मेट्रोसारख्या मोठ्या वाहतूक प्रकल्पांसाठी हाच चार्ज वाढवायची सोयही नंतर कायद्यात केली. शाळेसाठी तशी वेगळी सोय नाही, आणि मला हे खरंच लागतं. याशिवाय एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानानं किती बांधता येतं ते प्रमाण, त्यात जादा बांधायला मिळावं म्हणून बिल्डर भरतो तो प्रीमियम (फंजिबल एफएसआयचा वगैरे) वेगळा. म्हणजे टॉवरमधून पैसा येतो, फक्त त्यातला रुपया शाळेकडे वळलाच पाहिजे असं बंधन नाही. ते वळवून घेणं हे आपलं काम.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जागा. मुंबईत इमारत बांधणं त्या मानानं सोपं, जागा मिळणं महाकठीण. म्हणून माझा सल्ला, पैशाच्या मागे नंतर लागा, आधी प्लॉट पकडा.

प्लॉट शोधायचा कसा

पालिकेच्या साइटवर विकास आराखडा २०३४ चे नकाशे आहेत, आपल्या वॉर्डाचं शीट उघडा. २०१८ साली मंजूर झालेला आराखडा हा, जुना १९९१ चा उघडून बसू नका, आमच्यातल्या एकानं तेच केलं आणि महिनाभर आम्ही भलत्याच प्लॉटभोवती फिरत होतो. शीटवर प्रत्येक आरक्षणावर कोड असतो. इंग्रजी आर, ई आणि पुढे १.१ असेल तर ती महापालिकेच्या शाळेसाठी राखीव जागा. १.२ असेल तर प्राथमिक-माध्यमिक शाळा, पण ती पालिकेचीच असेल असं नाही, खाजगीही असू शकते, आणि फरक फार मोठा आहे कारण आपल्या ताईंच्या नातीला तिथली फी परवडणार का हा प्रश्न त्यातच आहे. ई, ई आणि १.१ असेल तर आज उभी असलेली पालिकेची शाळा. बाजूला प्लेग्राउंडचं आरक्षण आहे का तेही बघून ठेवा, कारण मैदान नसलेली शाळा कागदावर मंजूर होते आणि पोरं मधल्या सुट्टीत जिन्यात उभी राहतात.

मग त्या प्लॉटचा सीटीएस नंबर (सिटी सर्व्हेतला जमिनीचा नंबर) काढा, त्यावरून प्रॉपर्टी कार्ड (मालकीची नोंद) काढा आणि पालिकेकडून डीपी रिमार्क (आराखड्यात त्या प्लॉटवर काय आहे त्याचा दाखला) घ्या. हे तीन कागद हातात नसतील तर कुणाच्याही केबिनमध्ये जाऊ नका. "आमच्या इथे एक प्लॉट आहे ना साहेब" म्हणून बोलायला गेलात की "बघतो" एवढंच उत्तर मिळतं, आणि तेच सीटीएस नंबर टाकून प्रॉपर्टी कार्ड समोर ठेवलंत की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो. मी दोन्ही अनुभवलंय.

प्रॉपर्टी कार्डवर पालिकेचं नाव असेल तर अर्धी लढाई झाली, पुढे फक्त बांधायचा प्रश्न. खाजगी मालकाचं नाव असेल तर पालिकेपुढे रस्ते तीनच, एक म्हणजे मालकाला टीडीआर (दुसरीकडे बांधायचा, विकताही येणारा हक्क) देऊन जागा घ्यायची, दुसरा भूसंपादन, आणि तिसरा अकॉमोडेशन रिझर्वेशन ज्याला सगळे एआर म्हणतात, म्हणजे मालकानं काही भागावर शाळा बांधून पालिकेला फुकट द्यायची आणि बदल्यात स्वतःचं बांधकाम करायचं. भूसंपादनात २०१३ च्या कायद्यानं शहरी भागात साधारण बाजारभावाच्या दुप्पट द्यावे लागतात, मुंबईच्या भावात ते किती होतं तुम्हीच विचार करा, त्यामुळे प्रत्यक्षात गाडी टीडीआर नाहीतर एआरवरच येते. एआर असेल तर शाळेची इमारत बिल्डरच्याच खर्चानं उभी राहते, म्हणजे अमेरिकेतली इम्पॅक्ट फी जे करते तेच, पैशाऐवजी विटा-सिमेंटमध्ये. आणि ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटवर लेआउट येत असेल तर आरक्षण नसलं तरी काही भाग अॅमेनिटी म्हणून पालिकेला द्यावाच लागतो, त्या तुकड्यावर काय यावं हे ठरायच्या आधीच आपण मागणी टाकलेली बरी. प्लॉटवर झोपड्या असतील तर एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) स्कीममधूनही शाळेचा काही भाग बांधून घेता येतो, पण तो रस्ता लांबचा, आमचा अनुभव नाही, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

आयओडीच्या अटी वाचा, मनापासून वाचा

समजा त्या जागेवर किंवा शेजारी प्रोजेक्ट चालूच आहे. महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणारी सरकारी संस्था) साइटवर जाऊन तो प्रोजेक्ट शोधा, मंजूर प्लॅन आणि सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) तिथे अपलोड केलेले असतात. आयओडी म्हणजे प्लॅनला मंजुरी देताना पालिका अटी घालते ते पत्र, त्या अटींमध्ये राखीव जागा किंवा बांधलेली सुविधा पालिकेला कधी द्यायची, कुठल्या टप्प्याआधी द्यायची हे लिहिलेलं असतं. ही एकच ओळ सापडली की खूप काही होतं, कारण ओसी (इमारत राहायला तयार असल्याचा दाखला) मिळेपर्यंतच बिल्डरवर जोर असतो. एकदा सगळी ओसी हातात पडली, फ्लॅट विकले गेले, की मग ती अट फाइलमध्ये पडून राहते. आमच्या शेजारच्या एका प्रोजेक्टचं हेच झालं, सुविधेची जागा द्यायची होती, कागदावर दिली म्हणाले, प्रत्यक्षात तिथे सेल्स ऑफिस उभं होतं आणि प्रॉपर्टी कार्डवर नाव जुनंच. म्हणून "हस्तांतर झालं" असं तोंडी ऐकून कधी समाधान मानू नका, ताबा पावती बघा आणि प्रॉपर्टी कार्डवर पालिकेचं नाव चढलं का ते बघा.

माहिती अधिकाराचा अर्ज

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत पाहिजे. आमचा पहिला अर्ज दोन पानी होता, नऊ प्रश्न, त्यात दोन रस्त्याच्या लाइटबद्दल, तो तसाच परत आला. १० रुपये फी, ऑनलाइनही करता येतो, ३० दिवसांत उत्तर द्यायला हवं, नाही आलं तर २० रुपये भरून पहिलं अपील. विकास नियोजन खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याला आम्ही दुसऱ्यांदा जे लिहिलं ते साधारण असं होतं:

"विषय: अमुक गाव, सीटीएस नंबर अमुक, या भूखंडावरील महापालिका शाळेच्या आरक्षणाची सद्यस्थिती. १) भूखंड महापालिकेच्या ताब्यात आहे का, असल्यास ताबा पावतीची प्रत. २) एमआरटीपी कायद्याच्या कलम १२७ खाली मालकाची नोटीस आली आहे का, असल्यास तारीख व त्यावरील कार्यवाहीची प्रत. ३) या भूखंडावर विकास प्रस्ताव मंजूर असल्यास सुविधा हस्तांतराबाबतच्या अटींची प्रत. ४) शिक्षण खात्याने या भूखंडाची मागणी केली असल्यास त्या पत्राची प्रत."

बघा, "का केलं नाही" असा एकही प्रश्न नाही. का विचारलं की उत्तर येतं "लागू नाही". प्रत मागितली की प्रत द्यावी लागते नाहीतर नाही म्हणावं लागतं, आणि "अशी नोंद नाही" हे उत्तरसुद्धा आपल्या कामाचं. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा निघाला, कारण बरेचदा शिक्षण खात्याला माहीतच नसतं की आपल्या नावानं प्लॉट राखीव आहे, आणि विकास नियोजनवाले म्हणतात आमच्याकडे कुणी मागितलाच नाही.

आता कलम १२७ काय ते सांगते, कारण सगळी घाई याचीच आहे. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत पालिकेनं जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत पालिकेनं संपादनाची ठोस पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होतं, जागा मोकळी, मालक काहीही बांधायला मोकळा. नुसता ठराव केला किंवा प्रस्ताव पाठवला म्हणजे पाऊल उचललं असं होत नाही, सुप्रीम कोर्टानं गिरनार ट्रेडर्स केसमध्ये २००७ सालीच सांगितलंय. आपला आराखडा २०१८ चा. १० मिळवा. २०२८ येतं. त्यामुळे ज्यांच्या एरियात खाजगी मालकीचा राखीव प्लॉट आहे त्यांनी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचं नाही. असे नोटिशीचे प्रस्ताव पालिकेत सुधार समितीपुढे येतात, तिथे आपल्या नगरसेवकाला आधीच कागद देऊन ठेवा. आणि आरक्षण बदलायचं घाटत असेल तर कलम ३७ खाली जाहीर नोटीस काढावी लागते, हरकती-सूचनांना महिनाभर मिळतो, ती नोटीस पेपरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात येते. आमच्यातल्या एका काकांनी रोज ती पानं बघायचं काम घेतलंय, रिटायर्ड आहेत, पण त्यांच्याइतकं काम आमच्यात कुणीच करत नाही.

मुलं मोजा

हे काम अमेरिकेत कन्सल्टंट करतात, आपल्याकडे आपणच करायचं. महारेरावरून आजूबाजूच्या प्रोजेक्टमधले फ्लॅट मोजा, पूर्ण झालेले वेगळे, येणारे वेगळे. मग दोन-तीन सोसायट्या, एक चाळ आणि एक एसआरए बिल्डिंग घेऊन दारोदार विचारा, ६ ते १४ वयाची मुलं किती, कुठल्या शाळेत, जायला किती वेळ, व्हॅनचे महिन्याला किती, आणि जवळ चांगली पालिकेची शाळा असती तर घातलं असतं का. टॉवर आणि चाळ एकत्र करू नका, आकडे फार वेगळे येतात. समजा दर १०० घरांत ३० मुलं सापडली आणि येत्या काही वर्षांत २,००० घरं भरणार आहेत, तर ६०० मुलं. आरटीई (शिक्षण हक्क) कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक, म्हणजे ढोबळमानानं २० वर्ग. सगळे पालिकेच्या शाळेत येणार नाहीत, म्हणून "घातलं असतं" म्हणणाऱ्यांचाच आकडा वेगळा लिहा. खोटा फुगवू नका, तिथे बसलेली माणसं हे रोज बघतात.

आणि एक प्रश्न शंभर टक्के येणार, "आहे त्या शाळांचा पट कमी होतोय, नवीन कशाला?" याचं उत्तर घेऊनच जा. यूडायसवर (शाळांच्या माहितीची सरकारी साइट) प्रत्येक शाळेचा पट दिसतो. आजूबाजूच्या एक किलोमीटरमधल्या पालिकेच्या शाळा काढा, कुठलं माध्यम, किती वर्ग, दोन शिफ्टमध्ये चालते का. पालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते, त्यामुळे एका इमारतीत एका माध्यमाचे वर्ग रिकामे आणि दुसऱ्याला जागा नाही असंही असतं. मी स्वतः मराठी शाळेत शिकलेय आणि आपल्या एरियात मराठी तुकडी राहिलीच पाहिजे यासाठी मी भांडते, पण लोक पालिकेच्याच सीबीएसईच्या मुंबई पब्लिक स्कूलसाठी रांगा लावतात हेही खरंय, म्हणून आम्ही पत्रात दोन्ही मागितलं. महाराष्ट्राच्या २०११ च्या आरटीई नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असं लिहिलंय. नकाशावर सरळ रेष ओढून मोजू नका, लहान मूल चालतं त्या रस्त्यानं मोजा, रूळ आणि हायवे कुठून ओलांडायचा ते धरून. ताईंच्या नातीबरोबर मी एकदा चालत गेले, फोनमध्ये मोजलं, नकाशावर ८०० मीटर दिसत होतं, प्रत्यक्षात दीड किलोमीटर भरलं, त्यात दोन ठिकाणी फुटपाथच नाही. ते फोटो आम्ही पत्राला लावले.

पत्र कुणाला आणि कधी

पत्र एक, प्रती सहा: उपायुक्त (शिक्षण), शिक्षणाधिकारी, शालेय पायाभूत सुविधा कक्ष, प्रमुख अभियंता (विकास नियोजन), वॉर्डाचे सहाय्यक आयुक्त आणि नगरसेवक. प्रत्येक ठिकाणी आवक शिक्का घ्यायचाच. शिक्षण समितीत आपल्या बाजूचं कुणी असेल तर त्यांना वेगळं भेटा. आमदार-खासदारांनाही द्या, पण त्यांच्या निधीतून बहुधा बाक, कॉम्प्युटर असंच काही मिळेल, एआर नसेल तर इमारतीचं काम मुख्यतः पालिकेच्या बजेटमधूनच होणार.

बजेटचं वेळापत्रक पाठ करा. कायद्यानं आयुक्तांना ५ फेब्रुवारीपर्यंत अंदाज मांडावा लागतो, शिक्षणाचं बजेट वेगळं असतं, त्याला "बजेट ई" म्हणतात. २०२५-२६ ला पालिकेचं एकूण बजेट ७४,४२७ कोटी होतं आणि शिक्षणाचं ३,९५५ कोटींच्या आसपास, त्यातला मोठा भाग पगार-पेन्शनला जातो. आपण बघायचं ते भांडवली खर्चाचं पान, शाळा इमारतींचं. आपल्या शाळेचं नाव त्या यादीत छापून आलं नाही तर बाकी सगळी आश्वासनं हवेत. खाती आपले आकडे दिवाळीच्या सुमारास जमवायला लागतात, म्हणून पत्र ऑक्टोबरमध्ये पोचलं पाहिजे, जानेवारीत पोचलेलं पत्र पुढच्या वर्षात जातं, आमचं पहिलं तसंच गेलं. अलीकडे पालिका बजेटआधी नागरिकांकडून सूचनाही मागवते, त्यातही टाका, तुमच्या एरियातल्या जितक्या जास्त लोकांना टाकता येईल तितकं चांगलं, पण सगळ्यांनी सीटीएस नंबर लिहूनच.

इमारत उभी राहिली तरी थांबू नका, शिक्षकांची पदं मंजूर झाली का, यूडायस नंबर मिळाला का, पहिल्या वर्षी कुठले वर्ग सुरू होणार, हे त्याच चालू वर्षात विचारत राहा. नाहीतर इमारत तयार आणि कुलूप लावलेलं असं होतं. प्रवेश सुरू व्हायच्या आधी चाळीत आणि एसआरए बिल्डिंगमध्ये फॉर्म घेऊन जा, जन्मदाखला नाही म्हणून आई घाबरून परत जाते, आरटीईप्रमाणे वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही हे तिला आधीच सांगून ठेवा.

आमच्या प्लॉटचं उत्तर गेल्या महिन्यात आलं. ताबा पालिकेकडे नाही, मालकाची नोटीस अजून आलेली नाही, शिक्षण खात्याच्या मागणीची नोंद नाही. म्हणजे मागणीचं पत्र आता काढून घ्यायचं. त्यावर पहिली सही ताईंची आहे, आणि पत्त्याच्या खाली त्यांनी नातीची इयत्ता स्वतःच्या हातानं लिहिली, दुसरी.